बिराजदार मॅडमचं 'हो'

आमच्या शाळेत नववी अ आणि नववी ब यांच्यामधली भिंत छतापर्यंत गेलेली नाही. वर हातभर फट आहे. मी अ मध्ये मराठी शिकवायचे आणि पलीकडं ब मध्ये बिराजदार मॅडम इतिहास शिकवायच्या. त्यांचा आवाज त्या फटीतनं यायचा आणि माझी पोरं माझं सोडून त्यांचं ऐकायची. मला राग यायला पाहिजे होता. पण बऱ्याचदा मीच खडू हातात धरून ऐकत उभी राहायचे.

शाळा अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं. बहुतेक पोरांचे आईबाप टॉवेल नाहीतर चादरीच्या कारखान्यात. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली पोरं साधं बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात. मॅडमचा आवाज त्यांच्याइतका मोठा नव्हता, पण शब्द न् शब्द सुटा, पॉलिश केल्यासारखा. त्यांचं मराठी ऐकून कुणालाही वाटलं नसतं की बाईंची घरची भाषा कानडी आहे.

हे मला त्यांनीच सांगितलं होतं. मी वेळापूरची. दोन वर्षांपूर्वी तासिका तत्त्वावर लागले तेव्हा माझ्या तोंडून 'हितं-तितं' निघायचं आणि स्टाफरूममधले काहीजण हसायचे. मॅडमनी मला एकदा डबा खाताना शेजारी बसवलं. म्हणाल्या, "हसू देत. मी पाचवीत सोलापूरला आले तेव्हा मला मराठीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. बाईंनी नाव विचारलं तर मी गावाचं नाव सांगितलं. सगळा वर्ग हसला. त्या दिवशी ठरवलं, या सगळ्यांपेक्षा चांगलं मराठी बोलायचं."

त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. वडील चनमल्लप्पा गवंडी होते. विहिरी बांधायचे, देवळाच्या ओवऱ्या बांधायचे. दगडी कमान बांधताना आधी लाकडाचा साचा उभा करायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत न्यायचे आणि सगळ्यात शेवटी मधला, पाचरीच्या आकाराचा दगड ठोकून बसवायचा. मग साचा काढून घ्यायचा. मॅडम सांगायच्या, साचा काढताना वडील कमानीच्या खाली उभे राहायचे. आई ईरम्मा दर वेळी रडायची. वडील म्हणायचे, मीच उभा राहिलो नाही तर लोक खालून कसे जातील?

कॉलेजात असताना मॅडमना रद्दीच्या दुकानात एक चित्रांचं जाड पुस्तक मिळालं. रोमन लोकांच्या बांधकामांचं. त्यात लाकडी साच्याचं चित्र होतं. आपला बाप जे करतो तेच दोन हजार वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडं कुणीतरी करत होतं, हे बघून ती मुलगी इतिहासाकडं वळली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. आमच्या पुस्तकात रोमचं नाव व्यापाराच्या एखाद्या परिच्छेदात येतं आणि संपतं. मॅडम तिथं तीन तास घ्यायच्या. दोन मुलांना समोरासमोर उभं करायच्या, तळहाताला तळहात लावून एकमेकांवर रेलायला लावायच्या आणि विचारायच्या, "आता यातला एकजण बाजूला झाला तर?" पोरं खिदळत पडायची. ती शिकवण पोरांच्या अंगात राहायची.

मागच्या वर्षी श्रावणात, एका मंगळवारी, दुसऱ्या तासाला फटीतून येणारा आवाज मधेच थांबला. मग तुटक काहीतरी ऐकू आलं आणि ब वर्ग हसला. मॅडम नकला छान करायच्या, त्यामुळं मला काही वाटलं नाही. पुन्हा तसेच आवाज, पुन्हा हसणं. माझा वर्गही भिंतीकडं बघून हसायला लागला. मीसुद्धा हसले, हे सांगायलाच पाहिजे.

दहाएक मिनिटांनी धनलक्ष्मी दारात आली. ब वर्गातली, तेलुगू घरातली मुलगी, वडील मागावर. "टीचर, मॅडम कायतरी वेगळंच बोलायल्यात. तोंड वाकडं झालंय."

मी पळाले. मॅडम टेबलाला धरून उभ्या होत्या. फळ्यावर अर्धं वाक्य आणि खाली घसरत गेलेली खडूची रेघ. पोरं अजून अर्धवट हसत होती, काहींचं हसू तोंडावरच थिजलं होतं. मॅडमनी माझ्याकडं बघून काहीतरी सांगितलं. पूर्ण वाक्य होतं, चढउतार सगळा नेहमीचा होता. फक्त त्यात एकही शब्द नव्हता.

मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. दवाखान्यात चौदा दिवस, मग घरी. पाय लवकर सुधारला, उजवा हात थोडा. वाचा काही आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, यांना सगळं समजतं. तुम्ही बोललेलं कळतं, विचारही आधीसारखेच चालतात. फक्त डोक्यातून तोंडापर्यंत शब्द पोचत नाही. लिहायला गेलं तर हातापर्यंतही पोचत नाही.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांचे मिस्टर गुरुशांतकाका मला दारातच म्हणाले, "एक सांगतो मॅडम. तिचं 'हो' धरू नका. कायबी विचारलं तरी तोंडातनं 'हो' येतंय. 'नाही' म्हणायचं असलं तरी 'हो'च येतंय. मानेकडं बघा. मान खरं सांगती."

आणि तसंच होतं. मी विचारलं, "मॅडम, चहा घेणार?" "हो," त्या म्हणाल्या आणि मान आडवी हलवली. आपलंच 'हो' ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले. मधूनच एखादा शब्द यायचा, पण तो बहुतेक कानडी असायचा. लहानपणीची भाषा खोल रुजलेली असते म्हणे, ती आधी वर येते. मराठी त्यांनी कष्टानं कमावलेलं होतं. नेमकं तेच गेलं.

दिवाळीनंतर त्या शाळेत परत आल्या. मुख्याध्यापक अनिलकुमार सरांनी त्यांना ग्रंथालयात बसवलं आणि त्यांचे इतिहासाचे तास मला दिले. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, एवढाच माझा अधिकार. फटीतनं आता कुठलाच आवाज येत नव्हता. पोरं ग्रंथालयात जायची, "मॅडम, कशा आहात?" विचारायची, त्या "हो" म्हणायच्या, पोरं परत यायची. हळूहळू जायची थांबली.

जानेवारीत शाळेला एक पत्र आलं. शहरातल्या एका संग्रहालयात तीन आठवड्यांसाठी रोमन बांधकामांच्या प्रतिकृतींचं फिरतं प्रदर्शन येणार होतं आणि आमच्या शाळेला चाळीस मुलांसाठी दीड तासाची वेळ मिळाली होती. पत्र बिराजदार मॅडमच्या नावानं होतं. असं काही सोलापूरला आणा म्हणून त्या दोन-तीन वर्षं लिहीत होत्या, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

सरांनी पत्र माझ्या हातात दिलं. "तुम्ही घेऊन जा पोरांना. मॅडमनाही न्या सोबत. त्यांना बरं वाटेल."

मी पत्र घेऊन ग्रंथालयात गेले. मॅडमनी ते वाचलं, म्हणजे ओळीवर बोट फिरवत बराच वेळ वाचलं. मग उठल्या, पर्समधून वही काढून माझ्यापुढं ठेवली. स्पीच थेरपीच्या बाईंनी दिलेली होती, तीत चित्रं चिकटवून शब्दांचा सराव करायचा. पुढचे आठ दिवस त्या वहीत भाकरी-भाजी-साबणाच्या जागी कमान, खांब, घुमट आणि पाण्याचा पूल आले. गुरुशांतकाका सांगायचे, कारखान्यातनं घरी गेलो की रोज संध्याकाळी बसवती समोर. शंभरदा म्हणती, पाच-सात वेळा बरोबर येतंय. निघायच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मॅडमनी मला खुणेनं थांबवलं, ओठांची जुळवाजुळव केली आणि म्हणाल्या, "क... कमान."

मी टाळ्या वाजवल्या. लहान मुलाला वाजवतात तशा. त्यांना ते आवडलं नाही, हे मला वाजवून झाल्यावर कळलं.

प्रदर्शन एका लांबट दालनात होतं. आम्ही अडतीस मुलं, मी आणि मॅडम. त्यांनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. आत शिरल्या शिरल्या समोर गोल, उघड्या प्रेक्षागृहाची प्रतिकृती, एका बाजूला खांबांचे प्रकार, पुढं डोक्यावर गोल भोक असलेला मोठा घुमट आणि शेवटी भिंतीलगत दहाएक फूट लांबीचा पाण्याचा पूल. तीन मजली कमानी, एकीवर एक, आणि अगदी वर अरुंद पन्हळ. पन्हळीतून मोटर लावून खरंच पाणी सोडलं होतं. मॅडम दारातच थबकल्या. पुस्तकात तीस वर्षं बघितलेलं सगळं उचलून कुणी समोर ठेवावं तसं त्यांचं झालं असणार. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

प्रदर्शनासोबत आलेला एक तरुण मार्गदर्शक होता. गळ्यात ओळखपत्र, कानाला माइक. मुलगा वाईट नव्हता, दिवसातला त्याचा तो चौथा वर्ग होता. पाठ केलेलं भरभर बोलत होता. पहिल्याच प्रतिकृतीजवळ तो म्हणाला, "तर मुलांनो, कमानीचा शोध लावला रोमन लोकांनी. त्यांच्याआधी जगात कुणालाही कमान माहीत नव्हती. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं.

"हो!" मॅडम मोठ्यानं म्हणाल्या. सगळे वळले. मॅडमची मान जोरजोरानं आडवी हलत होती, हात वर गेला होता. "हो! हो... हो!"

मार्गदर्शक हसला. "बघा, तुमच्या मॅडमनाही माहीत आहे."

मला कळलं होतं की त्यांना 'नाही' म्हणायचंय. पण कशाला नाही? तो काय चुकला, ते मला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. तोवर तो पुढच्या प्रतिकृतीकडं निघाला होता आणि पोरं त्याच्या मागं.

पाण्याच्या पुलापाशी मॅडम गर्दीतून वाट काढत अगदी पुढं गेल्या. मार्गदर्शक पुलाची लांबी-रुंदी सांगत होता. पाणी आपोआप कसं वाहतं, उतार किती थोडा ठेवावा लागतो, हे त्यानं सांगितलं नाही. मॅडमनी डावा हात वर करून पन्हळीकडं बोट केलं. ओठ हलले. चेहरा लाल झाला. सराव केलेला एकही शब्द आला नाही.

"नीरु," त्या म्हणाल्या. मग परत, "नीरु... मेले. मेले."

मागच्या रांगेतली दोन मुलं फिसकन हसली. "कोण मेले?" एकजण म्हणाला.

"नीरु म्हंजे पाणी," दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. "मॅडमना पाणी पाहिजे."

आणि मी पिशवीतून बाटली काढून झाकण उघडून त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वर बोट केलं. "नीरु मेले!" तेवढ्यात तिघाचौघांनी आपापल्या बाटल्या पुढं केल्या. मार्गदर्शकानं माइक बंद केला आणि कुणाला तरी खुर्ची आणायला सांगितलं. "बसा मॅडम, बसा. चक्कर आली का?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्या. अडतीस मुलं, मी आणि तो, सगळे त्यांच्याकडं बघत होतो. दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि पाणी प्यायल्या. दोन घोट. मग पदरानं तोंड पुसलं.

दालनाच्या कोपऱ्यात मुलांनी हाताळायला एक कमान ठेवली होती. लाकडी साचा आणि रबरासारखे हलके, पाचरीच्या आकाराचे ठोकळे. माझं लक्ष गेलं तेव्हा मॅडम खुर्चीवरून उठून तिथं गेल्या होत्या आणि ठोकळे लावायला लागल्या होत्या. डाव्या हातानं ठोकळा ठेवायचा, उजव्यानं खालचा धरून ठेवायचा. उजवा हात ऐकत नव्हता. एका बाजूचे चार बसायचे आणि दुसऱ्या बाजूचे घसरायचे. त्यांनी माझ्याकडं बघून हातानं खूण केली, पोरांना इकडं पाठव.

मी वळले, तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "चला चला, घुमट राहिलाय, तिकडं या सगळे, आपली वेळ संपत आलीय, पुढची शाळा बाहेर उभी आहे." पोरं घुमटाकडं पळाली. एकटीनं अडतीस पोरं सांभाळायची होती. मी मॅडमना हात करून 'आलेच' म्हटलं आणि पोरांमागं गेले.

दहा मिनिटांनी परत आले तेव्हा ठोकळे फरशीवर पसरले होते आणि मॅडम खाली बसून ते गोळा करत होत्या. कमान उभी राहिली होती आणि मग पडली, की उभीच राहिली नव्हती, हे कुणी बघितलं नाही. मी त्यांना विचारलंही नाही. विचारून काय उत्तर येणार होतं?

परत येताना बसमध्ये धनलक्ष्मी माझ्या शेजारी येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "टीचर, मॅडम पाणी मागत नव्हत्या."

"मग?"

"आमच्या शेजारची अक्कम्मा आज्जी कानडी बोलती. 'मेले' म्हंजे वर. मॅडम सांगायल्या होत्या, पाणी वरनं जातंय. पुलाचं सांगायल्या होत्या."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"सगळे हसायलेले की टीचर." ती खाली मान घालून बसली. मी तर झाकण उघडून दिलं होतं.

मॅडम पुढच्या सीटवर खिडकीशी होत्या. मी जाऊन विचारलं, "मॅडम, तुम्ही पुलाचं सांगत होता ना?"

"हो," त्या म्हणाल्या. मान हलली नाही, उभी नाही की आडवी नाही. त्या बाहेरच बघत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात मी पोरांकडून प्रदर्शनावर दहा मार्कांचं लिहून घेतलं. मॅडमचं पत्र, मॅडमची धडपड, तर पेपर त्यांनाही दाखवावेत असं वाटून रविवारी त्यांच्या घरी नेऊन दिले. पुढच्या रविवारी आणायला गेले. अडतीस पेपर, आणि छत्तीस पेपरांत एकच वाक्य डाव्या हाताच्या वाकड्या लाल रेघेनं अधोरेखित केलेलं. 'कमानीचा शोध रोमन लोकांनी लावला.' रेघेच्या पुढं काहीतरी लिहायचा प्रयत्न होता, एखादं अक्षर, मग खोडलेलं. चार-पाच जणांनी शेवटी लिहिलं होतं, 'आमच्या मॅडमना तहान लागली म्हणून आम्ही पाणी दिले.' तिथं रेघ नव्हती.

"हे चूक आहे का मॅडम?" मी लाल रेघेवर बोट ठेवलं.

त्यांनी मान उभी हलवली. मग आतून ते रद्दीतलं जाड पुस्तक आणलं, सुरुवातीचं एक पान काढलं. मातीच्या विटांची, ओबडधोबड कमान. खाली इंग्रजीत लिहिलेलं. इराकातली होती आणि रोमच्या कितीतरी शतकं आधीची. रोमन लोकांनी कमान शोधली नव्हती, ती मोठी केली होती, एकीवर एक चढवली होती. एवढं एक वाक्य त्या दिवशी त्यांना सांगायचं होतं.

मी सोमवारी वर्गात सांगितलं. पोरांनी माना डोलावल्या. सहामाहीनंतरच्या चाचणीत पुन्हा बहुतेकांनी आधीचंच लिहिलं. माइकवरून ऐकलेलं आणि वहीत लिहून घेतलेलं ते खरं, मी नंतर सांगितलेलं राहून गेलं. मॅडमनी सांगितलं असतं तर असं झालं नसतं. पण त्यांनी सांगितलंच होतं की, सगळ्यांच्या आधी, हात वर करून.

फेब्रुवारीच्या शेवटी सरांनी मला आणि मॅडमना एकत्र बोलावलं. त्याच्या चार दिवस आधी ते मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "जागा रिकामी झाली तर तुमचं नाव संस्थेकडं घालतो. इतिहासाला कायमचं माणूस पाहिजेच." त्यामुळं खुर्चीत बसतानाच मला कळलं होतं कशाला बोलावलंय.

अनिलकुमार सर मॅडमबरोबर बावीस वर्षं काम केलेला माणूस. "मॅडम, ग्रंथालयात तुम्हाला असं बसलेलं मला बघवत नाही. संग्रहालयात त्रास झाला असंही कानावर आलंय. उद्या वर्गात काही झालं तर? घरी आराम करा. वैद्यकीय कारणावरून निवृत्तीचा अर्ज टाइप करून ठेवलाय. निवृत्तीवेतन सगळं नीट मिळेल, मी स्वतः लक्ष घालतो." त्यांनी कागद पुढं सरकवला. "तुमची काही हरकत नाही ना?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

सर कागदाचं दुसरं पान बघत होते. मॅडमची मान आडवी हलत होती. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं.

"हो. हो!"

"हो, हो, कळलं मला," सर मऊपणानं म्हणाले. "डाव्या हातानं सही चालते. " त्यांनी माझ्याकडं हात केला. "ऋतुजा मॅडम साक्षीदार म्हणून सही करतील."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या पूर्ण शाळेत त्यांची मान वाचता येणारी मी एकटी होते आणि हे त्यांना माहीत होतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, सर, मॅडम नाही म्हणतायत. चार शब्द. माझं तोंड धडधाकट होतं, माझ्या मेंदूत कसली गाठ नव्हती. मी टेबलावरच्या काचेखाली लावलेल्या वेळापत्रकाकडं बघत राहिले. त्यात इतिहासाच्या चौकटीत आता माझ्या नावाची आद्याक्षरं होती.

बराच वेळ त्यांनी बघितलं असावं. मग पेन घेतलं आणि सही केली. मीही केली.

त्या दिवशी शाळा सुटताना गुरुशांतकाका त्यांना न्यायला आले. मोटरसायकल कडेला लावून माझ्याजवळ आले. "मॅडम, सर म्हनले, ती आपणहून हो म्हनली. तुमी होता म्हनं तितं. तिला विचारलं तर मानच हलवंना. खरंच म्हनली का?"

"हो," मी सांगितलं. "म्हणाल्या."

ते खोटं नव्हतं.

नंतर कुणीतरी सांगितलं, नोकरीत असताना कुणाला असं अपंगत्व आलं तर काढता येत नाही, झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं, तसा कायदा आहे म्हणे. पण तो काढलं तर. अर्ज त्यांच्या सहीचा होता. मार्चअखेरीस छोटा निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, गुच्छ. पोरांनी 'मॅडम, बोला' म्हणून आरडाओरडा केला, ज्यांना कळत होतं त्यांनी त्यांना दाबलं. मॅडमनी हात जोडले आणि खाली बसल्या.

जूनपासून मी कायम झाले. वर्गशिक्षक म्हणून नववी ब मला मिळाली.

मधे एका रविवारी मी त्यांच्याकडं गेले. काका भाजी आणायला गेले होते. मॅडमची तब्येत बरी दिसत होती. काकांनी फोनवर सांगितलं होतं की आता त्या थोडं थोडं बोलतात, बहिणीबरोबर फोनवर तर छोटी छोटी वाक्यंसुद्धा. पण सगळं कानडीत. मराठीत अजूनही तेवढं एक 'हो'.

आम्ही समोरासमोर बसलो. मी शाळेचं काहीबाही सांगितलं, कोण पास झालं, कुणाची बदली झाली. त्या ऐकत होत्या. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "मॅडम," मी म्हटलं, "त्या दिवशी सरांच्या खोलीत मी बोलायला पाहिजे होतं. मला दिसत होतं. तुम्ही नाही म्हणत होता."

मग त्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली, माझा हात हातात घेतला आणि बोलायला लागल्या. कानडीत. दोन वाक्यं असावीत, कदाचित तीन. मधे अडखळल्या, थांबून शब्द शोधला, तो सापडला, पुढं बोलल्या आणि वाक्य पूर्ण केलं. आजारपणानंतर मी त्यांना पूर्ण वाक्य बोलताना पहिल्यांदा ऐकत होते, आणि त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. आवाजात राग नव्हता. पण मायाही आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"मॅडम, मराठीत?" मी विचारलं. विचारायला नको होतं. त्यांनी प्रयत्न केला. ओठ जुळवले, डोळे बारीक केले, माझा हात दाबला.

"हो," त्या म्हणाल्या, आणि माझा हात सोडून दिला.

थोड्या वेळानं काका आले. त्यांना विचारावं असं मनात आलं. पण ती वाक्यं त्यांच्यापुढं म्हणून दाखवायला मला ती आठवायला तर पाहिजेत. एवढ्यातच ती माझ्या कानातून गेली होती, आणि मॅडमना काकांसमोर ती परत बोलायला सांगायचं माझ्यानं झालं नाही. काकांनी चहा टाकला, आम्ही तिघांनी तो घेतला आणि मी निघाले.